औषधे घेणारे टॅक्सीचालक व वैद्यकीय पात्रता (खानदेश)

डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे नियमित वा काही दिवसांपुरती घेणारा चालक भाड्याचे प्रवासी वाहन चालवण्यास योग्य आहे की नाही, हे ठरवणारे कायद्यातील निकष आणि त्यामागचा वैद्यकीय विचार. ही नोंद जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील काळी-पिवळी, भाड्याच्या मोटारी व लग्नसराईच्या गाड्या यांच्या संदर्भात आहे. म्हणजे एमएच १९, एमएच १८ आणि एमएच ३९ या पाट्यांच्या मुलखात.

इथल्या कुठल्याही स्टँडवर ‘फिटनेस आहे का?’ असे विचारले, तर चालक गाडीचे कागद काढतो. फिटनेस गाडीचा असतो, माणसाचा नव्हे, अशीच सर्वांची समजूत. व्यवहारही तिला धरूनच चालतो. प्रवासी वाहनाचे पासिंग पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरसाल करावे लागते. चालकाच्या परिवहन परवान्याची मुदत मात्र २०१९ च्या दुरुस्तीने तीन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली. गाडीच्या दोन पासिंगांच्या मध्ये ब्रेक बिघडू शकतो हे सगळ्यांना पटते. चालकाला मधल्या पाच वर्षांत मधुमेह जडू शकतो, याची नोंद कुठेच होत नाही.

कायद्याचा आधार मोटार वाहन अधिनियम १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ यांत आहे. नमुना १ हे अर्जदाराचे स्वतःच्या प्रकृतीबद्दलचे घोषणापत्र, तर नमुना १-अ हे नोंदणीकृत डॉक्टरचे प्रमाणपत्र. परिवहन परवान्यासाठी आणि चाळिशी ओलांडलेल्या कोणाच्याही नूतनीकरणासाठी १-अ लागतो. घोषणापत्रात विचारलेले प्रश्न असे : अपस्मार (फिट येण्याचा आजार) आहे का, कोणत्याही कारणाने अचानक शुद्ध हरपते वा भोवळ येते का, २५ मीटरवरची नंबरप्लेट दिवसाउजेडी वाचता येते का, हात-पाय शाबूत आहेत का, लाल व हिरवा रंग ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, हॉर्न ऐकू येतो का, आणि शेवटी, तुमच्या वाहन चालवण्याने लोकांना धोका होईल असा आणखी कोणता आजार आहे का. रंगांधळेपणाची अट २०२० मध्ये सैल झाली. सौम्य ते मध्यम दोष असलेल्यांना तेव्हापासून परवाना मिळू शकतो.

या सगळ्या प्रश्नांत ‘सध्या कोणती औषधे घेता?’ हा एक प्रश्न नाही. डॉक्टरच्या प्रमाणपत्रातही दूरची नजर, ऐकण्याची क्षमता, हातापायांचे सांधे यांवर विशेष लक्ष दिल्याचे लिहून द्यायचे असते. प्रतिक्रियेला लागणारा वेळ, बाजूची नजर आणि डोळे दिपल्यावर नजर सावरण्याची क्षमता यांची तपासणी त्यात आहे खरी, पण ती फक्त धोकादायक माल वाहणाऱ्या चालकांसाठी. औषधाचा पहिला परिणाम होतो तो नेमका या प्रतिक्रियेच्या वेळावर. पेट्रोलच्या टँकरला जी काळजी लागते ती दहा माणसे भरलेल्या जीपला लागत नाही, हे तर्कशास्त्र नियम करणाऱ्यांनाच ठाऊक.

त्यात परवान्याच्या वर्गाचा घोळ आहे. साडेसात हजार किलोंपर्यंतचे प्रवासी वाहन हलक्या मोटारीच्या साध्या परवान्यावर चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने ते कायम केले. चालकांच्या पोटापाण्याच्या दृष्टीने निकाल मोलाचा आहे. पण त्यामुळे पंचविशीतल्या चालकाचा आणि १-अ नमुन्याचा संबंध चाळिशीनंतरच्या नूतनीकरणापर्यंत येणारच नाही, असेही होऊ शकते.

औषधाचा उल्लेख कायद्यात येतो तो गुन्ह्याच्या अंगाने. कलम १८५ दारूसाठी प्रसिद्ध आहे (१०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा), पण त्याच कलमात गाडीवर ताबा ठेवता येऊ नये इतपत ‘ड्रग’च्या अमलाखाली असणेही गुन्हा ठरते. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. शारीरिक वा मानसिकदृष्ट्या अयोग्य असताना गाडी चालवणे हे कलम १८६ खाली येते. तिथे पहिला दंड एक हजाराचा. नाक्यावरचे फुंकायचे यंत्र दारू पकडते, गोळी पकडत नाही. त्यामुळे व्यवहारात हा मामला अपघातानंतर, रक्ताचा नमुना घेतल्यावरच उघडा पडतो.

औषधांपैकी जी सर्वांत साधी वाटतात तीच सर्वांत फसवी. नंदुरबारला लाल मिरचीच्या पथाऱ्या पडल्या की वाऱ्याबरोबर मिरचीचा ठसका उठतो आणि शिंका सुरू होतात. चालक मेडिकलवर जाऊन सर्दीची गोळी मागतो. दुकानदार दहाच्या पट्टीतून चार गोळ्या कात्रीने कापून देतो. लाल रेघ, औषधाचे नाव आणि ‘झोप येऊ शकते, वाहन चालवू नये’ ही बारीक अक्षरांतली सूचना उरलेल्या सहा गोळ्यांबरोबर दुकानातच राहते. त्या चारांत बहुधा क्लोरफेनिरामिन असते. सेटिरिझिन त्या मानाने सौम्य, पण तिनेही अनेकांना पेंग येते. फेक्सोफेनाडिनने सहसा येत नाही. म्हणजे त्याच शिंकेवर गुंगी आणणारी आणि न आणणारी, दोन्ही औषधे उपलब्ध आहेत, फक्त ‘मी गाडीवर असतो’ हे वाक्य आधी उच्चारावे लागते. अहिराणीत झोपेला ‘जप’ म्हणतात; ‘गोयी लिधी का जप येस’ (गोळी घेतली की झोप येते) ही तक्रार स्टँडवर नवी नाही, ती डॉक्टरच्या खोलीत मात्र क्वचित पोचते.

दुसरी अडचण वेळेची. चिठ्ठीवर ०-०-१ लिहिले की गोळी रात्री घ्यायची, हे सर्वांना कळते. पण लग्नसराईत चालकाची रात्र कुठली? बारा वाजता वऱ्हाड उतरवून अंग टाकायचे आणि चारला सुरतेच्या भाड्याला निघायचे. झोपेसाठी वा चिंतेवर दिले जाणारे अल्प्राझोलाम रक्तातून निम्मे उतरायलाच साधारण अकरा तास लागतात. डायझेपामला त्याहून कितीतरी जास्त. मध्यरात्री घेतलेली गोळी साक्रीच्या पुढे कोंडाईबारी घाटाच्या वळणांवर अजून काम करत असते. सपाट रस्ता त्याहून वाईट. धुळे ते जळगाव हा पूर्वीचा सहा आणि आताचा ५३ क्रमांकाचा महामार्ग सरळ धावतो. घाटात भीतीने तरी डोळे उघडे राहतात, इथे तेवढेही कारण नसते. अमिट्रिप्टिलीन, प्रेगाबालिन, ट्रामाडॉल, कोडीनचे खोकल्याचे औषध ही याच पंगतीतली. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. त्यांच्या नेहमीच्या हायड्रॉक्सियुरियाने गुंगी येत नाही, पण वेदनेचा झटका आल्यावर दिल्या जाणाऱ्या तीव्र वेदनाशामकांनी येते. आणि झटका सुरू असताना तोरणमाळच्या रस्त्यावर स्टिअरिंग धरणे औषधाशिवायही धोक्याचेच.

मधुमेहाची गोष्ट उलट आहे. इथे औषध न घेणे धोक्याचे आणि घेऊन न जेवणेही धोक्याचे. मेटफॉर्मिन एकटे असेल तर साखर सहसा फार खाली जात नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड किंवा इन्सुलिन असेल तर जेवण लांबले की ती उतरते : हात थरथरतात, छाती धडधडते, दरदरून घाम फुटतो, मग बोलणे विसंगत होते. १०० मिलिलिटर रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की धोका धरतात. आता भुसावळचा मे महिना घ्या. पारा ४५ च्या आसपास, गाडीत वातानुकूलन नाही, वऱ्हाडाच्या पंगती उठल्याशिवाय चालकाला ताट मिळत नाही. अशा वेळी घाम कशाचा, हे कोण ओळखणार? त्यात रक्तदाबासाठी मेटोप्रोलोल किंवा प्रोप्रानोलोल सुरू असेल तर थरथर आणि धडधड हे इशारेही दबतात. उरतो तो घाम, आणि तो उन्हात हरवतो. ब्रिटनमध्ये इन्सुलिनवरच्या चालकांना साखर सुमारे ९० मिलिग्रॅमच्या वर असल्याची खात्री करून निघायला सांगतात आणि साखर उतरून पुन्हा सावरली तरी पाऊण तास थांबायला लावतात. आपल्याकडे असा लेखी दंडक चालकाच्या हाती दिला जात नाही. डॉक्टर ‘खिशात साखर ठेव’ एवढे सांगतात. शेंगदाण्याची चिक्की ठेवणारे चालक आहेत, पण तिच्यातल्या तेलामुळे साखर रक्तात जायला उशीर होतो. ग्लुकोजची पुडी बरी. न उघडलेली इन्सुलिनची बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते. फ्रिज नसलेल्या घरात ती माठात ठेवतात आणि वापरातल्या बाटलीला ते चालून जाते. डॅशबोर्डच्या कप्प्यात मात्र ती उन्हाने निकामी होते आणि मग साखर का वाढली याचा उलगडा होत नाही.

रक्तदाबाच्या बहुतेक गोळ्यांनी गाडी चालवण्यात अडचण येत नाही. प्राझोसिन आणि प्रोस्टेटसाठी दिले जाणारे टॅम्सुलोसिन यांनी बसल्याचे उठताना भोवळ येते, सुरुवातीच्या दिवसांत विशेषतः. लघवी वाढवणारी गोळी तर चालक स्वतःच बंद करतात. अमळनेर ते चोपडा एवढ्या टप्प्यात दोनदा गाडी थांबवली की मागचे प्रवासी कुरकुरतात.

क्षयरोगाच्या औषधांकडे या दृष्टीने फारसे कोणी बघत नाही. इथॅम्ब्युटॉलने काही रुग्णांची नजर अधू होते आणि लाल-हिरव्यातला फरक कळेनासा होतो. नमुना १ मध्ये नेमका हाच प्रश्न आहे, पण त्याचे उत्तर उपचार सुरू होण्याच्या कितीतरी आधी दिलेले असते. नजरेत बदल वाटला तर त्याच दिवशी उपचार केंद्रात सांगावे. औषध वेळीच थांबवले तर नजर बहुधा परत येते. डोळे तपासताना बाहुली मोठी करणारे थेंब टाकले असतील तर काही तास नजर धूसर राहते. डोळ्यांच्या शिबिराला स्वतःची जीप चालवत येणाऱ्याने परतीला दुसरा चालक आणावा.

अपस्माराबाबत कायदा सर्वांत कठोर आहे आणि सर्वांत कमी पाळला जातो. ‘फिट येते का’ याला होय म्हटले की परवाना अडतो. शेवटचा झटका येऊन किती वर्षे लोटली, याला नमुन्यात जागाच नाही. ब्रिटनमध्ये व्यावसायिक वाहनासाठी औषधाविना दहा वर्षे झटकामुक्त असण्याची अट आहे. ती कडक आहे, पण तिच्यात निदान एक मुदत आहे. मुदतच नसली की माणूस ‘नाही’ लिहून मोकळा होतो, आणि मग डॉक्टरकडे उघड जाणे टाळण्यासाठी कधी गोळीही सोडतो. फेनिटॉइन किंवा व्हॅल्प्रोएट असे एकाएकी सोडले की झटका येण्याची शक्यता वाढते.

प्रमाणपत्राची प्रत्यक्ष प्रक्रिया अगदी थोडक्यात उरकते. आजारावर उपचार करणारा डॉक्टर एक, प्रमाणपत्र देणारा दुसरा. चिठ्ठी आणि १-अ हे दोन कागद सहसा एका टेबलावर येतच नाहीत. अर्ज आता ‘सारथी’ प्रणालीवर ऑनलाइन होतो, पण औषधाचा रकाना तिथेही नाही. चालकाने चिठ्ठ्यांची फाइल सोबत नेली आणि डॉक्टरने ती चाळली, तर सध्याच्या नमुन्यातही ‘अन्य आजार’ या प्रश्नाखाली तिची दखल घेता येते.

परवाना दिल्यानंतरही प्रकृतीविषयी वाजवी शंका आल्यास कलम १६ खाली परवाना प्राधिकारी नवे प्रमाणपत्र मागू शकतो किंवा परवाना रद्द करू शकतो. त्याविरुद्ध आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील करता येते. विम्याच्या प्रमाणित वाहन पॉलिसीत मद्य वा ड्रगच्या अमलाखाली गाडी चालवताना झालेले स्वतःच्या वाहनाचे नुकसान वगळलेले असते. अशा वेळी आपण कोणती गोळी, कोणाच्या सल्ल्याने आणि कधी घेतली होती हे दाखवायला चालकाकडे जो कागद असतो तो डॉक्टरची चिठ्ठी. कापून आणलेल्या चार गोळ्यांना चिठ्ठी नसते.