उलटवता येणारी कॉलर

इंदूरच्या राजवाड्याजवळ ज्या घरगुती दुकानात आमचे शर्ट शिवले जातात, तिथे एक काम अजून होतं: कॉलर उलटवणं. मानेशी घासून घडीवर विरलेली कॉलर उसवायची, फिरवायची आणि पट्टीत पुन्हा बसवायची. शर्ट आणखी दोन-तीन वर्षं चालतो. ही सोय शिवतानाच ठेवावी लागते, आणि तिच्यामागे बराच इतिहास आहे.

1818 मध्ये इंदूर होळकरांची राजधानी झालं, तेव्हा दरबारी मराठी माणसाच्या अंगावर अंगरखा नाहीतर बाराबंदी असे. दोन्ही बंदांनी बांधायचे. बटणाचं 'काज' हा शब्द आपल्याकडे आला तो पोर्तुगीजांच्या भाषेतून. 'इस्त्री' हा शब्दही तिथलाच. इंग्रजांचा शर्टसुद्धा त्या काळी डोक्यावरूनच घालत. समोर वरपासून खालपर्यंत बटणं असलेल्या शर्टाची नोंद लंडनच्या ब्राउन, डेव्हिस कंपनीने केली ती 1871 मध्ये. कॉलर तर कितीतरी वर्षं सुटीच असे. अमेरिकेतल्या ट्रॉय गावी 1827 मध्ये हॅना मॉन्टेग्यू या बाईंनी नवऱ्याच्या शर्टाची मळकी कॉलर कापून, तेवढीच धुऊन परत जोडली आणि तिथून ती चाल पडली, असं सांगतात. आधी मळते आणि विरते ती कॉलर, हे घरात कपडे धुणाऱ्या बाईलाच आधी कळणार!

इकडे दुसऱ्या तुकोजीरावांच्या काळात संस्थानाची स्वतःची कापडगिरणी उभी राहिली. मग मालवा, हुकुमचंद, कल्याणमल, राजकुमार अशा गिरण्या आल्या, आणि गल्लीतल्या शिंप्याला गावचंच कापड मिळू लागलं.

1929 मध्ये फ्रेंच चित्रकार बर्नार बुते द मोन्वेल यांनी तरुण यशवंतराव होळकरांना काळ्या पाश्चात्त्य मेजवानीच्या पोशाखात रंगवलं, आत कडक पांढरा शर्ट. काही वर्षांनी त्यांनीच महाराजांना मराठा पोशाखात रंगवलं. शर्ट इथे कसा रुळला हे समजून घ्यायला मला ही दोन चित्रं शेजारी ठेवावीशी वाटतात: एकाच माणसाला दोन्ही शोभतात. कारकून, मास्तर, वकील यांना मात्र रोज घालायला आणि वर्षानुवर्षं टिकायला शर्ट हवा होता. तो शिंप्यांनी दिला.

तो कसा, ते कापणीपासून बघावं. सुती कापड आधी भिजवून वाळवायचं, म्हणजे नंतर आटून कॉलर गळ्याला आवळत नाही. खांद्याची पट्टी मधोमध जोडून दोन तुकड्यांची करायची, कारण बहुतेकांचे दोन खांदे सारखे नसतात. बाजूची शिवण दुमडून दोनदा मारायची, आत कच्ची कड दिसता कामा नये. कॉलरमध्ये बकरम, म्हणजे ती ताठ ठेवणारं आतलं कडक कापड, शिवून बसवायचं, चिकटवायचं नाही. चिकटवलेल्या कॉलरला पुढे धुण्याने फुगे येऊ शकतात आणि मग ती उलटवूनही उपयोग नसतो. शिवायला वेळ लागतो, पण माझ्या मते शर्टाची खरी किंमत याच एका कामाची.

1991 च्या डिसेंबरात हुकुमचंद मिल बंद पडली. कामगारांच्या थकबाकीचे 224 कोटी रुपये मिळायला 2023 चा डिसेंबर उजाडला. आता दुकानात कापड बाहेरगावाहून येतं. कापणी अजून वडीलच करतात, मशीनवर मुलगा असतो, काजं आई हाताने करते. शर्ट तयार झाला की उरलेला तुकडा त्याच पुडीत बांधून देतात, पुढे कधी कफ बदलायचे झाले तर.