वाऱ्याच्या दिवसांत अंजर्ले खाडीवर पक्षी पाहताना
(डिसेंबर ते फेब्रुवारीच्या फेऱ्यांसाठी)

नोंदणी करताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘किती वाजता निघायचं?’ अंजर्ल्याला, जोग नदीच्या मुखावर, ते तिथीवर ठरतं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते: द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा. आमच्या फेऱ्या याच दोन तिथींना, दोन्ही पक्षांत असतात. काठावर सातला हजर राहा. ओहोटीत पक्षी लांब चिखलात पांगलेले असतात. पाणी चढू लागलं की चिखल्या आणि तुतवार हे चिखलात टिपणारे छोटे पक्षी मागे सरकत आपणहून काठाकडे येतात. म्हणून पुढे जाऊ नका, थांबा. अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती असते, चिखल पुरता बुडत नाही आणि थवाही जमत नाही. दुपारी वायव्येचा वारा वाढला की वाळू उडते, म्हणून अकराच्या आत आटोपतो.

वारा असला की पुळणीवरचे कुरव (गल) आणि सुरय (टर्न) एकजात वाऱ्याकडे तोंड करून बसतात आणि उडतातही वाऱ्याला सामोरेच. त्यांच्या समोर उभं राहिलात तर वाट अडते, थवा उठतो. मागून नुसत्या शेपट्या दिसतात. वारा कानावर लागेल असे बाजूला, किमान शंभर पावलांवर उभे राहा. माना वर झाल्या की तिथेच थांबा.

तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा कुरव थंडीत सारखेच वाटतात; दोघांच्याही डोक्याचा रंग जाऊन कानामागे गडद ठिपका उरतो. बसलेल्या पक्ष्यावर डोकं खपवू नका. वाऱ्यावर पंख पसरून तरंगताना पाहा: पंखाच्या काळ्या टोकात पांढरा ठिपका असेल तर तपकिरी डोक्याचा, पंखाची पुढची कड टोकापर्यंत पांढरी असेल तर काळ्या डोक्याचा. हे बघायला वाऱ्याचा दिवसच बरा.

दुर्बीण ८×४२ (८ पट, ४२ मिमी भिंगाची) पुरते. १० पटीची वाऱ्यात हातात ठरत नाही. स्पॉटिंग स्कोप (ट्रायपॉडवर लावायची एकनळी दुर्बीण) असेल तर २०–२५ पटीच्या वर नेऊ नका. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, पाय फाकवून बुटका ठेवा. हुकाला वजनाची पिशवी अडकवाल तर ती जमिनीला टेकलेली हवी, लटकती पिशवी झोके घेते आणि स्कोपही हलवते.

काचेवर तुषार उडाले तर रुमालाने पुसायचं नाही. वाळलेलं मीठ आणि वाळूचे कण काचेवरचा लेप खरवडतात. आधी फुंकणीने कण उडवा, मग गोड्या पाण्याने भिजवलेलं मऊ कापड अलगद फिरवा. ट्रायपॉडचे पाय घरी गेल्यावर उघडून धुवा, नाहीतर कळा गंजून अडकतात.

पायात मागून पट्टा असलेली जाड तळव्याची सँडल घाला. साधी चप्पल चिखलात राहते, आणि अनवाणी पायाला खडकावरची कालवं कापतात.

हर्णै बंदरावर तीन नंबरचा बावटा (वादळी वाऱ्याचा इशारा) लागला की फेरी रद्द, मग अंजर्ल्याला ऊन असलं तरी. पैसे परत मिळतील किंवा पुढच्या पक्षातली तिथी घ्या.