आठ संगणक, एक सॉकेट आणि सैल सांधा

सांगलीतील एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आठ संगणक एकमेकांना जोडून क्लस्टर उभारला होता. एक मोठे गणित आठ भागांत वाटून सर्वांकडून एकदम सोडवून घ्यायचे, ही क्लस्टरमागची कल्पना. एप्रिलमधल्या तिसऱ्या रात्री प्लॅस्टिक जळाल्याचा वास येऊ लागला, म्हणून मला बोलावण्यात आले. एमसीबी, म्हणजे प्रवाह प्रमाणाबाहेर गेला की वीज तोडणारा स्विच, पडलेला नव्हता आणि आठही संगणक व्यवस्थित चालू होते. मेन बंद करून भिंतीतला प्लग ओढून काढला, तेव्हा त्याची एक पिन काळीनिळी पडलेली दिसली आणि तिच्या मुळाशी प्लॅस्टिक वितळून ओघळलेले होते.

हिशेबाप्रमाणे काहीच चुकलेले नव्हते. पूर्ण क्षमतेने चालताना प्रत्येक संगणक सुमारे ४०० वॅट घेत होता. एकाच सॉकेटवरच्या आठांचे ३२०० वॅट, म्हणजे २३० व्होल्टला जवळपास १४ अँपिअर. सॉकेट १६ अँपिअरचे आणि एमसीबीही १६ चाच. घरी अशाच सॉकेटवर गीझर वर्षानुवर्षे चालतो. पण तो पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो आणि तापलेल्या सांध्याला निवायला वेळ मिळतो. गीझर, इस्त्री, मिक्सर हे सगळे एकाच वेळी चालणार नाही, हेही घरच्या वायरिंगमध्ये गृहीत धरलेले असते. क्लस्टरला यांतले काहीच लागू पडत नाही, कारण तिथे सगळी यंत्रे एकाच क्षणी कामाला लागतात आणि गणित सुटेपर्यंत, प्रसंगी आठवडाभर, एकाच जोमाने चालत राहतात.

अशा अखंड भाराखाली पहिल्यांदा हार मानतो तो सांधा. सॉकेटमधल्या पितळी पट्ट्या सैल झाल्या, की पिन त्यांना मोजक्याच बिंदूंवर टेकते आणि तिथला रोध वाढतो. तो अवघा ०.१ ओहम धरला, तरी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात निर्माण होत असल्यामुळे १४ अँपिअरला त्या एका ठिकाणी सुमारे २० वॅट उष्णता साठते. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नचे टोक किती तापते, हे ज्याने पाहिले आहे त्याला याचा अंदाज येईल. तापलेल्या धातूवर ऑक्साइडचा थर चढतो, पट्टीचा ताण आणखी कमी होतो, रोध पुन्हा वाढतो आणि हे चक्र थांबत नाही. संगणकाला मात्र दीडेक व्होल्टची घट जाणवतही नाही.

एमसीबीने हे का ओळखले नाही, असे मला तिथे अनेकांनी विचारले. एमसीबी फक्त स्वतःमधून वाहणारा प्रवाह जोखतो आणि सैल सांध्याने प्रवाह वाढत नाही. शिवाय मानकानुसार १६ अँपिअरचा घरगुती एमसीबी १८ अँपिअरला तासभर न पडणे अपेक्षित असते. तासाभरात तो नक्की पडावा अशी हमी १.४५ पटीला, म्हणजे सुमारे २३ अँपिअरला मिळते. त्याचे काम भिंतीतली वायर वाचवण्याचे आहे. सांध्याची काळजी जोडणाऱ्याने घ्यायची असते.

वीज जाऊन परत येण्याचा क्षण वेगळ्या कारणाने नाजूक असतो. आपल्या भागातल्या शेतकऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. रात्रपाळीची थ्री फेज लाइन आली, की ऑटो स्विच लावलेल्या साऱ्या मोटारी एकदम उठतात, व्होल्टेज कोसळते आणि कधी कधी डीपीवरचा फ्यूज जातो. संगणकाच्या पॉवर सप्लायमधले रिकामे कपॅसिटरही असेच क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतात. म्हणून वीज आल्यावर संगणकांनी आपोआप सुरू व्हायचे नाही, एकामागून एक काही सेकंदांच्या अंतराने सुरू व्हायचे, अशी व्यवस्था करणे फार गरजेचे आहे.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती अर्थिंगची. विद्युत गोंगाट गाळण्यासाठी पॉवर सप्लायमध्ये असलेल्या छोट्या कपॅसिटरमधून थोडा प्रवाह, समजा एक मिलिअँपिअर, अर्थच्या वायरीत सतत झिरपत असतो. एका संगणकाची अर्थिंग नसली, तर हाताला झिणझिण्या येतात. परंतु आठ संगणक एकाच बोर्डवर, एकाच लोखंडी रॅकमध्ये असतील आणि बोर्डाची अर्थ वायर तुटली असेल, तर आठांची गळती एकत्र होऊन रॅकला हात लावणाऱ्याच्या शरीरातून वाट काढते. दहा मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आखडतात आणि पकड सुटत नाही; एवढ्याला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, पडेलच असेही नाही. फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून पाहण्याची वायरमनची पद्धत इथे अपुरी आहे. बल्ब पेटला, म्हणजे त्या वाटेने अर्धा अँपिअरही नसलेला प्रवाह जाऊ शकतो, एवढेच कळते. फेज कवचाला टेकल्यावर सी प्रकारचा १६ अँपिअरचा एमसीबी तत्क्षणी पडायला ८० ते १६० अँपिअर वाहावे लागतात. त्यासाठी अर्थ लूपचा, म्हणजे फेजपासून अर्थमार्गे परत जाणाऱ्या संपूर्ण वाटेचा, रोध मीटरनेच मोजायला हवा.

नेटवर्कच्या केबल विजेच्या वायरींपासून दूर न्याव्यात, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडाव्यात, आणि संगणकामागून निघणाऱ्या गरम हवेच्या वाटेत त्यांचा गुंता होऊ देऊ नये. दोन इमारतींमध्ये मात्र तांब्याची केबल टाकूच नये. वळवाच्या पावसात वीज जवळ पडली, तर दोन्हीकडच्या जमिनीच्या विभवातला फरक त्याच केबलमधून यंत्रांत शिरतो. काचेच्या ऑप्टिकल फायबरला ही भीती नसते. आणि ऑगस्ट २०१९ चा महापूर पाहिलेल्या सांगलीत तळमजल्यावर जमिनीलगत सॉकेट बसवण्याचा विचारही कोणी करू नये.

त्या प्रयोगशाळेत आम्ही पॅनेलपासून ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीने दोन स्वतंत्र सर्किट आणली आणि प्रत्येकावर चारच संगणक ठेवले. त्यामुळे प्रवाह निम्मा, सात अँपिअर झाला आणि सांध्यातली उष्णता तितक्याच रोधाला एक चतुर्थांशावर आली. बारीक तारांची टोके नुसती पिळून स्क्रूखाली न दाबता त्यांना लग, म्हणजे धातूचे टोपण, दाबून घट्ट बसवले (क्रिम्प केले). मग आठही संगणकांना पूर्ण काम देऊन दोन तास वाट पाहिली, क्लॅम्प मीटरने प्रवाह मोजला आणि प्रत्येक प्लगच्या पाठीवर तापमापक धरला. सात प्लग खोलीपेक्षा जेमतेम उबदार होते. आठवा थोडा अधिक तापला होता, म्हणून मेन बंद करून तो उघडला. न्यूट्रलचा स्क्रू अर्धा फेरा सैल निघाला.