काऊ-चिऊ ते सिंड्रेला : नागपूरच्या घरांत जगाच्या गोष्टी आल्या कशा

तीन-चार वर्षांच्या लेकरांना कोणत्या गोष्टी सांगाव्यात, यावरून नागपुरातल्या पुष्कळ घरांत दोन मतं असतात. आजी-आजोबांना वाटतं, आधी पंचतंत्र, कृष्णाच्या खोड्या आणि शिवबाचं बालपण कळू द्या. आई-बाबांनी बर्डीच्या बाजारातून आणलेल्या रंगीत पुस्तकांत मात्र सिंड्रेला, लाल टोपीवाली मुलगी आणि तीन डुकरं असतात. शाळा इंग्रजी माध्यमाची, गल्लीतल्या खेळाची भाषा हिंदी आणि झोपतानाची मराठी, असं हे शहर. त्यामुळे ‘आपल्या’ गोष्टी कोणत्या आणि ‘त्यांच्या’ कोणत्या हा प्रश्न इथे जरा जास्तच बोचतो.

मागे वळून पाहिलं तर या दोन ढिगांमधली सीमा फारशी सापडत नाही. गोष्टी फार पूर्वीपासून देश ओलांडत आल्या आहेत. आणि परक्या मुलखातली गोष्ट जेव्हा मराठी लेकराची झाली, तेव्हा ती कुणीतरी बसून, त्याच्या भाषेत, नव्याने सांगितलेली होती.

सुरुवात विदर्भातूनच करता येते. ‘काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं’ ही गोष्ट आपल्याकडे बोलता न येणाऱ्या बाळालाही ऐकवतात. तिचा जुना लेखी उल्लेख महानुभाव पंथाच्या ‘लीळाचरित्रा’त आहे, तिथे चिमणीच्या जागी साळई येते. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, तेराव्या शतकाच्या अखेरीस, म्हाइंभटांनी पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी गोळा करून हा ग्रंथ रचला. चक्रधर मोठ्या माणसांना तत्त्व समजावतानाही गोष्टींचाच आधार घेत. केसोबासांनी ते दृष्टांत ‘दृष्टांतपाठा’त एकत्र केले. मराठी गद्य जिथे उभं राहिलं, तिथेच पाळण्यातल्या बाळाची ही गोष्टही नोंदली गेली, याचा वैदर्भीय म्हणून मला मनापासून आनंद होतो.

विदर्भातून बाहेर गेलेली गोष्ट नळ-दमयंतीची. दमयंती विदर्भाच्या भीमराजाची लेक. हंसाने आणलेला निरोप, स्वयंवरात नळाचं रूप घेऊन बसलेले देव, जुगारात गेलेलं राज्य, अरण्यातली ताटातूट : परीकथेला जे जे लागतं ते सगळं त्यात आहे. १८१९ साली फ्रान्झ बॉप या जर्मन पंडिताने महाभारतातलं हे आख्यान लॅटिन भाषांतरासह लंडनमध्ये छापलं आणि युरोपात संस्कृत शिकणाऱ्यांच्या हाती आपली वैदर्भी पडली. त्याच वर्षी जर्मनीत ग्रिम बंधूंच्या कथासंग्रहाची दुसरी आवृत्ती निघाली.

पंचतंत्राचा प्रवास याहून लांबचा. सहाव्या शतकात इराणचा राजा खुस्रो अनुशिर्वान याच्या दरबारातल्या बुर्झोय या वैद्याने त्याचं पहलवी, म्हणजे तेव्हाच्या इराणी भाषेत, भाषांतर केलं. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ते अरबीत नेलं, तेच ‘कलीला व दिमना’. करटक आणि दमनक या आपल्या दोन कोल्ह्यांची ही अरबी नावं. अरबीतून ते हिब्रू, लॅटिन, स्पॅनिश असं फिरत राहिलं. फ्रेंच कवी ला फोंतेनने १६७८ च्या आपल्या संग्रहात पिल्पे या भारतीय ज्ञान्याचं ऋण मोकळेपणी मान्य केलं आहे. १८५९ साली थिओडोर बेनफाय या जर्मन अभ्यासकाने तर युरोपातल्या बहुतेक लोककथांचं माहेर भारत आहे, असा दावा केला. पुढच्या अभ्यासकांना तो तेवढा टोकाचा पटला नाही. सिंड्रेलाचंच पाहा. नवव्या शतकात चीनमध्ये दुआन चेंगशीने ये-शियान नावाच्या पोरक्या मुलीची गोष्ट लिहून ठेवली. तिच्यात सावत्र आई आहे, जादूचा मासा आहे आणि हरवलेला जोडाही आहे. फ्रान्समधल्या शार्ल पेरोने सिंड्रेला छापली १६९७ साली, म्हणजे आठशे वर्षांनी.

पेरोच्या त्या पुस्तकाविषयी पालकांना एक माहीत असायला हवं. ते दरबारी, सुशिक्षित मंडळींच्या चवीने लिहिलं होतं. त्यातल्या लाल टोपीवाल्या मुलीला लांडगा खातो आणि गोष्ट तिथेच संपते; शिकारी येऊन तिला सोडवतो तो ग्रिमांच्या पुस्तकात. ग्रिमांनीही १८१२ मध्ये पहिला खंड काढला तो जर्मन लोकपरंपरा जपावी म्हणून; मागे टिपा होत्या, आणि लेकरांसाठी हे चालणार नाही अशी टीकाही झाली. मग विल्हेल्म ग्रिम आवृत्तीमागून आवृत्ती गोष्टी बदलत गेला. पहिल्या आवृत्तीत हिमगौरीचा जीव घ्यायला निघालेली राणी तिची सख्खी आई होती, ती पुढे सावत्र झाली. रापुंझेलला दिवस गेल्याची खूण गाळली गेली. १८२५ मध्ये पन्नास निवडक गोष्टींची छोटी आवृत्ती निघाली, आणि मुलांचं पुस्तक म्हणून तीच घरोघर गेली. आजच्या ‘मूळ’ परीकथा म्हणजे ही अशी चाळीसहून अधिक वर्षं घासूनपुसून काढलेली रूपं आहेत. म्हणून एखाद्या आईने तीन वर्षांच्या मुलासाठी लांडग्याचं पोट फाडण्याचा भाग सौम्य केला, तर ती कुठलीही अभिजात कलाकृती बिघडवत नसते. सांगणाऱ्याचा तो जुना हक्कच आहे.

मराठी छापखान्याच्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांतही परकी गोष्ट होती. तंजावरला सरफोजीराजांनी सख्खन पंडितांकडून इसापच्या कथा मराठीत करवून घेतल्या. ‘बालबोध मुक्तावली’ नावाचं ते पुस्तक १८०६ चं. बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरीच्या छापखान्यातून वैजनाथ पंडितांची ‘सिंहासन बत्तिशी’ १८१४ मध्ये आणि ‘हितोपदेश’ त्याच्या पुढच्या वर्षी आला. मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ साली ‘इसापनीतिकथा’ आणि ‘बाळमित्र’ दिले, आणि १८३० मध्ये ‘वेताळपंचविशी’. ‘बाळमित्र’ मूळ बर्कां या फ्रेंच लेखकाचं. इंग्रजीतून मराठीत उतरलेलं. म्हणजे ग्रीक इसाप, फ्रेंच बर्कां आणि आपला वेताळ एकाच माणसाच्या लेखणीतून दोन-तीन वर्षांत मराठी मुलांसमोर आले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेल्या आणि विष्णुशास्त्री व हरि कृष्ण दामले यांनी तडीस नेलेल्या अरबी सुरस गोष्टी त्यानंतरच्या. अल्लाउद्दिन आणि सिंदबाद अस्सल मराठी वाटावेत असं ते गद्य आहे.

नागपूर या सगळ्यापासून थोडं दूर होतं. छत्र्यांची पुस्तकं निघाली तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं. ते खालसा झालं १८५४ मध्ये, आणि १८६१ पासून शहर मध्य प्रांताची राजधानी झालं. शिक्षणखातं मुंबई इलाख्याचं नव्हे, मध्य प्रांताचं. मराठी आणि हिंदी इथे शेजारी-शेजारी शिकवल्या गेल्या. नागपूरच्या मुलाच्या कानावर अलीबाबा मराठीतून आला तसाच हिंदीतूनही आला, आणि घरात भुलाबाईच्या गाण्यांतली सासू-सून होतीच. १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि मग १९६० मध्ये महाराष्ट्रात विदर्भ मुंबई-पुण्यासोबत आला. १९६७ मध्ये बालभारती स्थापन झाल्यावर नागपूरच्या आणि कोकणातल्या पोराच्या दप्तरात एकच मराठी वाचनमाला आली.

याच नागपुरात घडलेलं एक मोठं काम आपण विसरून गेलो आहोत. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी इथे १८४० च्या दशकात आले. शाळा चालवणं, दगड-जीवाश्म गोळा करणं यासोबत त्यांनी गोंडांची गाणी आणि कथाही टिपल्या. १८६३ मध्ये ते बुडून गेले. मागे राहिलेले कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादून छापले. त्यात गोंडांची गाणी गाणाऱ्या परधान जमातीतल्या एकाच्या तोंडून उतरवून घेतलेलं, गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याचं गीत आहे, मूळ गोंडीसह. गोंड गुहेत कोंडले गेले आहेत. त्यांना सोडवायचं तर बिंदो नावाच्या प्रचंड काळ्या पक्ष्याची पिल्लं आणून दे, अशी अट महादेव लिंगोला घालतो. पक्षी चारा शोधायला गेलेले असताना त्यांची पिल्लं दर वेळी खाणारा भवरनाग समुद्रातून वर येतो. लिंगो त्याला मारतो. पक्षी परततात, पिल्लं जिवंत पाहून हरखतात आणि लिंगोला पंखांवर घेऊन महादेवाकडे उडतात. यातला पक्षी पाहिला की ‘शाहनामा’ या इराणी महाकाव्यातला सीमुर्ग आणि सिंदबादचा रुख आठवल्याशिवाय राहत नाही. ज्या गोष्टीसाठी आपण परदेशी पुस्तकं चाळतो ती रामटेक-पेंचच्या जंगलाच्या या टापूत गायली जात होती.

लहानांना परीकथा द्याव्यात की देऊ नयेत, हा वादही जुना आहे. मारिया माँटेसरी १९३९ ते १९४६ भारतात होत्या आणि त्यांच्या पद्धतीचा आपल्या बालवाड्यांवर मोठा ठसा आहे. सहा वर्षांखालच्या मुलाला खरं आणि काल्पनिक यांतला फरक अजून घडवायचा असतो, म्हणून आधी प्रत्यक्ष जग द्यावं, परी आणि राक्षस नंतर, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याच पद्धतीवरून भावनगरला १९२० मध्ये बालमंदिर सुरू करणाऱ्या गिजुभाई बधेकांनी मात्र या मुद्द्यावर आपली वेगळी वाट धरली. त्यांनी गोष्टीला शिक्षणाच्या मधोमध बसवलं, शेकडो लोककथा मुलांना सांगितल्या आणि गोष्ट कशी सांगावी यावर ‘वार्तानुं शास्त्र’ हे गुजराती पुस्तकच लिहिलं. ताराबाई मोडक त्यांच्यासोबत काम करून महाराष्ट्रात आल्या आणि बालवाडीतली गोष्ट मराठीत रुजली. पुढे १९७६ मध्ये ब्रुनो बेटलहाइम या मानसशास्त्रज्ञाने, परीकथेतलं भय मुलाला स्वतःच्या भीतीला नाव द्यायला मदत करतं, असं मांडलं. मला गिजुभाईंचं पटतं. आईच्या कुशीत बसून ऐकलेला राक्षस आणि एकट्याने पडद्यावर पाहिलेला राक्षस यांत फार अंतर आहे. माँटेसरींची काळजी या दुसऱ्या राक्षसाच्या बाबतीत आज अधिक खरी आहे.

विसाव्या शतकात जगाच्या गोष्टी मराठीत ओतणारी माणसं भरपूर भेटली. नागपूरहून बा. रा. मोडकांचं ‘मुलांचे मासिक’ निघू लागलं आणि वैदर्भीय घरांना पुण्या-मुंबईच्या टपालाची वाट पाहण्याचं कारण उरलं नाही. साने गुरुजींनी जॉर्ज एलियटच्या कादंबरीचा ‘मनूबाबा’ केला आणि ह्यूगोच्या कादंबरीचं ‘दुःखी’. भा. रा. भागवतांनी ॲलिसची जाई केली आणि ज्यूल व्हर्न घरोघर नेला. सुमती पायगावकरांनी अँडरसनच्या परीकथा आणल्या. ही सगळी माणसं मूळ कथेला पाहुणीसारखी बाहेरच्या खोलीत न बसवता स्वयंपाकघरात नेत होती. १९५० च्या दशकात चांदोबा आला, त्यात विक्रम-वेताळ पुन्हा झाडावर लटकू लागला. सोव्हिएत प्रकाशनांची स्वस्त, मोठ्या चित्रांची पुस्तकं अनिल हवालदारांसारख्या अनुवादकांमुळे थेट मराठीत मिळत. १९९१ नंतर तो झरा आटला. आणि अमर चित्रकथा? ‘आपल्या’ गोष्टींचं प्रतीक मानल्या गेलेल्या या मालिकेचे पहिले दहा अंक पाश्चात्त्य परीकथांचे होते. ‘कृष्ण’ अकराव्या क्रमांकावर आला.

आता दुकानात सर्वाधिक मिळतं ते दहा-बारा पानांचं, चकचकीत, इंग्रजी संक्षिप्त पुस्तक. चित्रं बहुतेक १९३७ च्या डिस्नेच्या हिमगौरीच्या वळणाची. मजकूर इतका कापलेला की गोष्टीचा श्वासच तुटतो : तीनदा येणारी ओळ एकदाच येते, आणि दोन-तीन वर्षांच्या मुलाला तर तीच ओळ परत परत हवी असते. ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते’ हे चिऊचं वाक्य काढून टाका, काऊ-चिऊत काय उरेल? पुस्तक इंग्रजी असेल तरी हरकत नाही. पानं समोर ठेवून गोष्ट मराठीत, वऱ्हाडीत, घरच्या हिंदीत सांगावी. लाल टोपीवालीच्या टोपलीत पुरणपोळी ठेवावी, लांडग्याला आपला आवाज द्यावा.

साधनं आज पूर्वीपेक्षा सोपी आहेत. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका मराठीत स्वस्तात मिळते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मंचावर मराठी चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, छापूनही घेता येतात. तिथे गोंडी पुस्तकंही आहेत. लिंगो, बिंदो पक्षी आणि भवरनाग यांचं मोठ्या चित्रांचं, कमी शब्दांचं पुस्तक, एका पानावर गोंडी आणि समोर मराठी असं, नागपूरच्या प्रत्येक अंगणवाडीत आणि बालवाडीत सिंड्रेलाच्या शेजारी असावं, असं मला फार वाटतं. मूळ गीत १८६६ पासून छापील आहे. चित्रकार, गोंडी जाणणारा सांगणारा आणि एक प्रकाशक, एवढीच जुळणी करायची आहे.