चुनखडकातल्या पोकळ्या आणि पाण्याच्या वाटा

कोल्हापुरातल्या बऱ्याच जुन्या घरांत सोप्याला शहाबादी फरशी असते. हा भीमा खोऱ्यातला चुनखडक, उत्तर कर्नाटकातून आलेला. त्यावर पाण्याचा थेंब पडला तर तो मुरण्याआधी वाळतो. अमेरिकेत मायामीला पाणी पुरवणारा बिस्केन जलधर, म्हणजे जमिनीखालचा पाणी धरणारा थर, हाही बहुतांशी चुनखडकाचाच. त्याच्या पोकळ्यांत बोट सहज जातं. एकाच जातीच्या दोन खडकांत एवढा फरक का, याचं उत्तर शोधता शोधता भूजलशास्त्राला पोकळी मोजायच्या पद्धतीच बदलाव्या लागल्या.

फ्रेंच अभियंता हेन्री डार्सी यांनी भूजलाच्या प्रवाहाचा नियम १८५६ मध्ये मांडला. डिजॉन शहराला त्यांनी आणलेलं रोझवार झऱ्याचं पाणी चुनखडकाच्या मुलखातलं. नियमाचे प्रयोग मात्र वाळू भरलेल्या नळकांड्यावर झाले. वाळूचे कण साधारण सारखे, म्हणून मधल्या पोकळ्याही सारख्या. चुनखडकात हे गृहीत कोलमडतं. शंखशिंपल्यांच्या तुकड्यांमध्ये पोकळी, शिंपल्याच्या आत पोकळी. पुढे मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन झिरपलेलं पाणी भेगा रुंदावतं आणि दुसरीकडे तोच विरघळलेला चुना बसून वाटा बुजतात. त्यात नळीतल्या प्रवाहाचा प्वाझय यांचा नियम असा की, नळीचा व्यास दहापट वाढला तर प्रवाह दहा हजार पट वाढतो. म्हणजे एक मिलिमीटरची एकच सलग वाट ०.१ मिलिमीटरच्या दहा हजार वाटांचं काम एकटी करते. सरासरी काढून हे कळणं अशक्य.

या पोकळ्यांची नीट वर्गवारी केली ती तेल शोधणाऱ्यांनी. चोकेट आणि प्रे यांनी १९७० मध्ये दोन प्रश्न विचारले: पोकळी खडकाच्या मूळ घडणीला धरून आहे की तिला छेदून जाते? आणि ती कधी झाली: गाळ साचल्यावर लगेच, खोल गाडला गेल्यावर, की पुन्हा वर आल्यावर? भूजलाच्या अभ्यासकांना ही भाषा आजही उपयोगी पडते.

पोकळीच्या नुसत्या टक्केवारीवर विसंबलं की काय होतं, हे इंग्लंडच्या चॉकमध्ये, म्हणजे तिथल्या मऊ पांढऱ्या चुनखडकात, दिसतं. पोकळी ३० ते ४० टक्के, पण जोडवाटा मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, आसपास. एक मायक्रॉनची वाट केशाकर्षणाने सुमारे ३० मीटर उंचीचं पाणी धरून ठेवते. त्यामुळे विहिरीला मिळतं ते मुख्यतः भेगांमधलं. खडकातून निथळून हाती लागणारं पाणी खडकाच्या घनफळाच्या एक-दोन टक्केच.

पोकळी मोजायची प्रयोगशाळेतली सर्वांत साधी पद्धत तीन वजनांची: कोरडं, पाण्याने भरलेलं आणि पाण्यात बुडवलेलं. पहिल्या दोहोंतल्या फरकावरून पोकळी कळते, शेवटच्या दोहोंतल्या फरकावरून तुकड्याचं घनफळ. २५ मिलिमीटर व्यासाचा, ४० मिलिमीटर लांबीचा तुकडा कापून १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवतात. जिप्सम असेल तर ६० अंशांवरच; नाहीतर स्फटिकातलं पाणी उडतं आणि पोकळी उगाच जास्त दिसते. मग आतली हवा पंपाने काढून पाणी सोडायचं. नुसतं बुडवून ठेवलं तर हवा आत अडकते. तुकड्याचं घनफळ जेमतेम १९.६ घन सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या ग्रॅमची चूक अडीच टक्क्यांची होते. ती बहुतेक वेळा पुसताना होते: कोरडं फडकं पाणी ओढून घेतं, म्हणून ओलं करून घट्ट पिळलेलं फडकं एकदाच फिरवावं. कडेच्या मोठ्या पोकळ्यांतलं पाणी उचलतानाच गळतं. तिथे हा आकडा धरूच नये, मोठा नमुना घ्यावा.

वाटांची रुंदी मोजायची पाऱ्याची पद्धत वॉशबर्न यांच्या १९२१ च्या समीकरणावर उभी आहे. पारा खडकाला चिकटत नाही, दाबून आत घालावा लागतो: वातावरणाच्या दाबाला सुमारे १५ मायक्रॉनची वाट भरते, २०० मेगापास्कलला सुमारे ७ नॅनोमीटरची. हे माप तोंडाचं असतं. अरुंद तोंडाची मोठी पोकळी यात बारीक म्हणून नोंदली जाते आणि नमुना परत वापरता येत नाही. क्ष-किरणांनी आतलं सूक्ष्म चित्र काढणारं मायक्रो-सीटी पोकळी खरोखर दाखवतं. पण चित्र २,००० बिंदू रुंद असेल आणि एका बिंदूला २ मायक्रॉन हवे असतील, तर नमुना चारच मिलिमीटरचा घ्यावा लागतो.

कोल्हापूरच्या काळ्या पाषाणाला, म्हणजे बेसाल्टला, हे सगळं लागू पडतं. लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांनी झालेला मांजऱ्या दगड चाळणीसारखा दिसतो, पण बुडबुडे सुटे सुटे राहतात आणि कित्येक झिओलाइट या पांढऱ्या खनिजाने भरलेले असतात. भारतातल्या भूजल अंदाजाच्या १९९७ च्या पद्धतीत अशा झिजलेल्या, सांध्यांच्या बेसाल्टला निथळणारं पाणी २ टक्के धरलं आहे. विहीर खोदताना मांजऱ्या लागला की एक ढेकूळ फोडून पाहावं: ताज्या फुटीवर बुडबुडे पांढऱ्याने भरलेले दिसले, तर झरा दगडात न शोधता दोन थरांच्या सांध्यात आणि भेगांत शोधावा.