आधी क्लास की आधी बांगडा?

प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पोराच्या डोक्यात हे बसलेलं असतं की क्लास म्हणजे साचा, आधी साचा करायचा आणि मग त्यातून ऑब्जेक्ट, म्हणजे त्या साच्याच्या प्रत्यक्ष वस्तू, काढायचे. प्रोग्रॅम चालताना तसंच होतं, पण डिझाइन करताना डोकं बरोबर उलटं चालवावं लागतं, आधी खरे नमुने गोळा करायचे आणि मग क्लास शोधायचा.

मुळात क्लास जन्माला आला तोही असाच. नॉर्वेत दाल आणि न्यूगार्ड हे दोघं संगणकशास्त्रज्ञ सिम्युला ही प्रोग्रॅमिंगची भाषा बनवत होते, त्यांच्यासमोर पुलावरच्या टोलनाक्याच्या रांगेचं उदाहरण होतं, रांगेत ट्रक पण आणि बस पण. दोघांतलं सामायिक तेवढं एकदाच कसं लिहायचं यावर झटताना 'सिम्युला ६७' मधला क्लास आणि त्याचा वारसा, म्हणजे वरच्या क्लासचं सामायिक ते खालच्या क्लासला आपोआप मिळणं, निघाला. २००१ चं ट्युरिंग पारितोषिक, संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान, त्यांना या कामासाठीच मिळालं.

आता आपल्याकडचं बघा. समजा मालवणच्या मासळी बाजारासाठी बिलाचं ॲप करायचंय. समोर सुरमई आणि पापलेट, दोन्ही किलोवर, की लगेच क्लास 'मासा', त्यात वजन आणि दर, गुणाकार केला की रक्कम. दोनच नमुने आणि तेही एकासारखे एक, त्यामुळे हे अगदी बरोबर वाटतं! मग येतात बांगडे, नगावर. मग तिसऱ्या (शिंपल्या), वाट्यावर. इथे बरेच जण वजनाच्या रकान्यात नग भरतात किंवा "बांगडा असेल तर असं कर" अशा अटी चिकटवत जातात आणि चार महिन्यांनी त्या कोडला हात लावायची कुणाची हिंमत होत नाही.

तिन्ही नमुने शेजारी ठेवून विचारा, तिघांना लागू पडेल असा प्रश्न कुठला? वजन किती, हा नाही. "पैसे किती झाले?" हा आहे, उत्तर काढायची रीत फक्त प्रत्येकाची वेगळी. म्हणजे सामायिक आहे तो प्रश्न. मग 'नगावरचा मासा' असा पोटक्लास, म्हणजे 'मासा'चा वारसा घेणारा खालचा क्लास, करावा का? नको, कारण तेच बांगडे हॉटेलवाला सकाळी किलोवर घेऊन जातो. मासा तोच, रीत बदलली, म्हणजे रीत हा माशाचा गुणच नाही, तो त्या विक्रीचा आहे. म्हणून 'मोजणी' हा स्वतंत्र क्लास, त्याचे वजनी, नगावरची आणि वाट्यावरची असे तीन प्रकार, आणि प्रत्येक विक्री आपल्याजवळ एक मोजणी ठेवते, मासा कुठला याच्याशी मोजणीला काही देणंघेणं नाही. मला या विषयात सगळ्यात आवडतो तो हा क्षण, जिथे एक नकोसा नमुना आख्खं चित्र फिरवतो.

तिसऱ्या म्हणजे शिंपल्यातले जीव, मासेच नव्हेत, हे प्राणिशास्त्र इथे आणू नका. बिलाला त्याची गरज नाही. अभ्यासकाच्या नोंदवहीत मात्र ते लागेल, आणि तिथे 'मासा अंडी घालतो' असं क्लासमध्ये लिहिलंत तर पिल्लांना जन्म देणारी मोरी (छोटा शार्क मासा) तुम्हाला लगेच खोटं पाडेल. वरच्या क्लासने दिलेला शब्द खालच्या प्रत्येकाने पाळलाच पाहिजे, १९८७ मध्ये संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी मांडलेलं तत्त्व ते हेच.

एआयला सांगितलं की क्लासचं चित्र आपोआप मिळतं अशा जाहिराती हल्ली फार दिसतात. चित्र मिळेल हो, पण तुमच्या बाजारात बांगडा दोन रीतींनी विकला जातो हे बाजारात उभं राहून बघणाऱ्यानेच त्याला सांगायला हवं.

आणि सुकट मापाने विकायची झाली तर? मोजणीचा चौथा प्रकार लिहायचा, बाकी एका ओळीलाही हात लावायचा नाही.