क्यूडब्ल्यूई झालं म्हणून कुणी ट्रेनी होत नाही

“दोन वर्षांचं क्यूडब्ल्यूई पूर्ण झालंय, एसक्यूई वन पण निघाली. आता लंडनच्या एखाद्या मोठ्या फर्ममध्ये ट्रेनी म्हणून लागायचंय. अर्ज बघून द्याल का?” पुण्या-मुंबईच्या लॉ कॉलेजांतून बाहेर पडलेल्या मुलामुलींचे या छापाचे मेसेज इतके येतात की उत्तर एकदाच काय ते लिहून टाकलेलं बरं. क्यूडब्ल्यूई म्हणजे क्वालिफाइंग वर्क एक्स्पीरियन्स, इंग्लंडमध्ये सॉलिसिटर, म्हणजे तिथला वकील, होण्यासाठी लागणारा कामाचा अनुभव. एसक्यूई ही त्यासाठीचीच परीक्षा, आणि एसक्यूई वन तिचा पहिला टप्पा. ट्रेनी म्हणजे ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टवर घेतलेला शिकाऊ सॉलिसिटर. या विचारण्यात दोन वेगळ्या वाटांची सरमिसळ झाली आहे. आणि या क्रमाने गेलं तर मोठ्या फर्मचं दार उघडायचं सोडून हळूहळू बंद होतं.

ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट म्हणजे काय हे बहुतेकांना माहीत असतं, म्हणून भराभर सांगतो. इंग्लंड-वेल्समधल्या फर्मबरोबर दोन वर्षांचा करार, त्यात साधारण सहा-सहा महिन्यांच्या चार ‘सीट’. म्हणजे कॉर्पोरेट, बँकिंग, लिटिगेशन, प्रॉपर्टी असे विभाग फिरायचे. पगार मिळतो. मोठ्या व्यापारी फर्म एसक्यूईच्या कोर्सचे आणि परीक्षेचे पैसे भरतात, वर शिकण्याच्या काळात राहण्या-खाण्यासाठी रक्कमही देतात. मुंबईच्या सॉलिसिटर फर्ममध्ये आर्टिकलशिप करून बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा दिलेलं कुणी ओळखीत असेल, तर हा साचा परका वाटणार नाही.

क्यूडब्ल्यूई हे त्या मानाने नवं प्रकरण. 1 सप्टेंबर 2021 पासून इंग्लंडमध्ये सॉलिसिटर होण्यासाठी एसक्यूई ही सामायिक परीक्षा आली आणि तिच्या जोडीला दोन वर्षांच्या पात्र कामाच्या अनुभवाची अट आली. त्याआधी ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट मिळालं नाही की बहुतेकांची गाडी तिथेच अडायची. महागडा कोर्स करून वर्षानुवर्षं पॅरालीगल, म्हणजे सॉलिसिटरचे मदतनीस, म्हणून राबणारे लोक लंडनमध्ये पैशाला पासरी होते. सॉलिसिटरांच्या नियामकाने, म्हणजे सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीने (एसआरए), ही अडवणूक सैल केली. आता दोन वर्षांचा पूर्णवेळ किंवा तेवढ्या भरीचा अनुभव जास्तीत जास्त चार ठिकाणी मिळून जमवता येतो. पॅरालीगलची नोकरी चालते, कंपनीचा लीगल विभाग चालतो, कॉलेजचं लीगल एड क्लिनिक चालतं, बिनपगारी काम चालतं, परदेशातलं काम चालतं, काही वर्षांपूर्वीचंही चालतं. ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टची दोन वर्षंही यातच धरली जातात. म्हणजे प्रत्येक ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट हे क्यूडब्ल्यूई असतंच, पण उलट बाजूने हे गणित जुळत नाही.

इथपर्यंत सगळे मान डोलावतात. घोळ पुढे आहे.

क्यूडब्ल्यूई ही नोंद आहे. झालेल्या कामाकडे मागे वळून कुणीतरी म्हणतं, हो, या व्यक्तीने अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत कायद्याचं काम केलं. ती नोंद पक्की करणारा इंग्लंड-वेल्सचा सॉलिसिटर असावा लागतो किंवा त्या संस्थेचा कम्प्लायन्स, म्हणजे नियमपालन बघणारा, अधिकारी. तो काय लिहून देतो ते नीट वाचा. कालावधी किती, सॉलिसिटरकडून अपेक्षित कौशल्यांपैकी किमान दोन कमावण्याची संधी या कामात होती का, आणि उमेदवाराच्या सचोटीबद्दल शंका घ्यावी असं काही नजरेस आलं का. बस. तुम्ही चांगलं काम करता असं तो म्हणत नाही. तुम्ही सक्षम आहात असंही म्हणत नाही. सक्षमता एसक्यूई तपासते. या नोंदीत तुमची निवड कुणीही केलेली नसते.

ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट ही निवड आहे, आणि तीही आगाऊ केलेली. फर्म साधारण दोन वर्षं आधी ठरवते की ही मुलगी आपल्याला हवी, तिच्या शिक्षणावर आपण पैसे घालू, दोन वर्षं चार विभागांत फिरवू आणि मग आपल्याकडेच नव्या सॉलिसिटरची जागा देऊ. त्यासाठी ऑनलाइन फॉर्म, तर्कशक्ती तपासणारी वॉटसन ग्लेझर चाचणी, बहुतेकदा व्हिडिओ इंटरव्ह्यू, मग व्हेकेशन स्कीम, म्हणजे एक-दोन आठवडे फर्ममध्येच काम करून दाखवणं, किंवा असेसमेंट सेंटर, म्हणजे चाचण्या-मुलाखतींची निवडफेरी, शेवटी पार्टनरची मुलाखत. हा खटाटोप तुमची योग्यता प्रमाणित करायला नसतो, माणूस पारखून घ्यायला असतो.

एक ठरवतो नियामक, दुसरं ठरवते फर्म. एक सांगतं की सॉलिसिटर म्हणवून घ्यायची एक अट तुम्ही पूर्ण केली आहे. दुसरं सांगतं की कुणीतरी तुम्हाला कामावर ठेवलंय. लग्नाचं वय झालं म्हणून लग्न ठरलं असं कुणी म्हणत नाही, पण क्यूडब्ल्यूईच्या बाबतीत हुशार पोरंसुद्धा तेच म्हणतात.

आता यातून होणारं नुकसान बघा. समजा एखाद्याने दोन वर्षं दोन-तीन ठिकाणी काम करून क्यूडब्ल्यूई भरलं, एसक्यूईचे दोन्ही टप्पे पार केले आणि रोलवर, म्हणजे सॉलिसिटरांच्या अधिकृत यादीत, नाव लावलं. तो आता इंग्लंडचा सॉलिसिटर आहे, अभिनंदन. पण ट्रेनी म्हणून त्याला कोण घेणार? ट्रेनीची जागा अजून सॉलिसिटर न झालेल्यांसाठी असते; बहुतेक फर्म अशा अर्जावर तिथेच फुली मारतात. मग त्याने नव्या सॉलिसिटरच्या जागेसाठी अर्ज करायचा. त्या जागा मोठ्या फर्म आधी आपल्याच ट्रेनींमधून भरतात, कारण त्यांच्यावर पैसा आणि दोन वर्षं आधीच गेलेली असतात. बाहेरच्याला वाव असतो, पण अरुंद, आणि तोही त्या विभागाचं काम आधी हाताखालून गेलेलं असेल तर. सिटीतल्या, म्हणजे लंडनच्या व्यापारी भागातल्या, सर्वांत वरच्या इंग्लिश फर्मनी 2024 मध्ये नव्या सॉलिसिटरचा पगार दीड लाख पौंडांवर नेला, तो आकडा पाहून लोक क्यूडब्ल्यूईच्या मागे लागतात. त्या पगाराची वाट ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टमधून जाते, हे मात्र कुणी सांगत नाही.

म्हणून माझं मत ठाम आहे. मोठ्या व्यापारी फर्ममध्येच जायचं असेल, तर क्यूडब्ल्यूई जमवण्याच्या फंदात पडू नका. काम करा, जरूर करा, पण रोलवर नाव लावायची घाई करू नका, आणि आधी ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टचे अर्ज टाका. काही फर्म आधीच्या अनुभवाचे महिने ट्रेनिंगमधून वजा करतात, पण सिटीतल्या मोठ्या फर्म सहसा त्या वाटेला जात नाहीत. त्यांना चारही सीट आपल्या छताखाली हव्या असतात. याउलट तुम्हाला इमिग्रेशन, फॅमिली, घरांची खरेदी-विक्री किंवा छोट्या फर्मची प्रॅक्टिस करायची असेल, तर क्यूडब्ल्यूईसारखी सोय नाही. तिथे ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टची वाट बघत बसणं हाच वेळेचा अपव्यय.

आता खास आपल्याकडच्यांसाठी, कारण इथे तर हसावं की रडावं कळत नाही. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची सनद हातात असलेले वकील मला विचारतात की क्यूडब्ल्यूईवर सही करणारा सॉलिसिटर कुठे मिळेल. अहो, तुम्हाला ते लागतच नाही. दुसऱ्या देशात वकील म्हणून पात्र असलेल्यांना एसआरए क्यूडब्ल्यूई मागत नाही. तुम्हाला एसक्यूई वन आणि टू द्यायची आहे आणि सचोटीची तपासणी पार करायची आहे. अनुभवाच्या जोरावर एसक्यूई टूमधून सूट मागता येते, ती मिळेलच असं नाही. तरीही क्यूडब्ल्यूई मिळवून देण्याचं पॅकेज विकणारी मंडळी आहेत आणि सनदधारकांकडूनही पैसे उकळतात. परीक्षेची फीच दोन्ही टप्पे मिळून पाच हजार पौंडांच्या घरात जाते. त्यावर न लागणाऱ्या सहीसाठी आणखी खिसा मोकळा करण्यात काय शहाणपण?

शिवाय मुंबईच्या चांगल्या फर्ममध्ये कॅपिटल मार्केट्स किंवा प्रोजेक्ट फायनान्समध्ये तीन-चार वर्षं झाली असतील, तर ट्रेनी व्हायचा विचारच का? असोसिएट, म्हणजे फर्ममधला अनुभवी वकील, म्हणून अर्ज करा. लंडनच्या फर्म भारतातल्या अनुभवी वकिलांना त्या पातळीवर घेतात, आणि एसक्यूई नंतर करा असंही सांगतात. पायऱ्या उतरून परत चढायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

व्हिसाचं कॅलेंडर हा दुसरा खड्डा. इंग्लंडमध्ये एलएलएम करून ग्रॅज्युएट व्हिसावर, म्हणजे शिक्षण संपल्यावर तिथे काम करू देणाऱ्या व्हिसावर, क्यूडब्ल्यूई करू, असा बेत बरेच जण आखतात. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि मास्टर्सवाल्यांना हा व्हिसा दोन वर्षांऐवजी 18 महिन्यांचाच मिळणार आहे. सप्टेंबर 2026 ला एलएलएम सुरू करणारा कोर्स संपवून 2027 मध्येच अर्ज करणार. क्यूडब्ल्यूईला 24 महिने लागतात, हातात 18. भारतातलं आधीचं काम धरून तूट भरता येईल, पण त्या कामाची खातरजमा करायला इंग्लंड-वेल्सचा सॉलिसिटर लागेल, ज्याने ते काम स्वतः तपासलंय आणि तुमच्या वरिष्ठाकडून अभिप्राय घेतलाय. पुण्यातल्या जिल्हा कोर्टाच्या चेंबरमध्ये असा माणूस शोधून बघा. ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट मिळालं तर मोठी फर्म स्किल्ड वर्कर व्हिसा काढून देते. छोटी फर्म पॅरालीगलसाठी त्या भानगडीत पडत नाही. फक्त ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टचे अर्ज एलएलएमच्या पहिल्याच टर्ममध्ये गेले पाहिजेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लंडन फिरायचं आणि जानेवारीत फॉर्म उघडायचा, ही सवय सोडा. तोवर बऱ्याच व्हेकेशन स्कीमच्या तारखा उलटलेल्या असतात.

बाकीचे फरक किरकोळ. ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट एकाच फर्ममध्ये, क्यूडब्ल्यूई चार ठिकाणांपर्यंत. एकात सीट ठरलेल्या, दुसऱ्यात पदरी पडेल ते काम. एसक्यूई दोघांनाही तीच: एसक्यूई वनमध्ये दोन पेपर मिळून 360 बहुपर्यायी प्रश्न, मग एसक्यूई टूमध्ये मसुदे, कायद्याचा शोध आणि अशिलाची मुलाखत. मोठ्या फर्ममध्ये जाणारे बहुधा ट्रेनिंगच्या आधीच दोन्ही देऊन मोकळे होतात, आणि नापास झाल्यास हातातली ऑफर जाऊ शकते. क्यूडब्ल्यूईवाले नोकरी सांभाळून देतात.

आता अर्जाबद्दल, कारण हाच गोंधळ कागदावरही उतरतो. क्यूडब्ल्यूईची नोंद करायची सवय झालेली मुलं ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टचा फॉर्मही नोंदवहीसारखा भरतात. परवा एका मुलीच्या फॉर्ममध्ये वाक्य होतं: “कंपनी अधिग्रहणात ड्यू डिलिजन्ससाठी सहाय्य केले.” ड्यू डिलिजन्स म्हणजे विकत घेण्याआधीची कागदतपासणी. नोंद म्हणून ठीक आहे, काम झालं, कौशल्य मिळालं. अर्ज म्हणून शून्य. तिला विचारलं, तू नक्की काय बघत होतीस? म्हणाली, विकत घ्यायच्या कंपनीच्या गोदामांचे भाडेकरार. कंपनीची मालकी बदलली तर जागामालकाची संमती लागते, असं कलम त्यांत आहे का, हे शोधत होते. एका करारात ते होतं, आणि तो नेमका सगळ्यात मोठ्या गोदामाचा करार होता. ते वरिष्ठांना दाखवल्यावर व्यवहार पूर्ण होण्याआधी मालकाची संमती मिळवायची अट टाकली गेली.

हे फॉर्ममध्ये का नव्हतं, तर तिला वाटलं ही बारीकसारीक गोष्ट आहे. फर्मला नेमकी हीच हवी असते. “आपली जगविख्यात फर्म” आणि “लहानपणापासून न्यायाची ओढ” ही वाक्यं खोडून टाकली की गोदामासाठी जागा आपोआप होते.

आणि वॉटसन ग्लेझरच्या अनुमानाच्या भागात “माहिती अपुरी” हा पर्याय दिलेला असतो, तो वापरायला लाजू नका. परिच्छेदात नसलेली माहिती गृहीत धरून उत्तरं देणारी आपली पोरं तिथेच गळतात.